मदत हवी आहे: सैनिकी पद्धतीची जेवणाची पाकिटे गरमच होत नाहीत, शुक्रवारी साल्हेरला निघायचे आहे

गोदाकाठ (धागाकर्ता), मंगळवार, रात्री ९:१०

नमस्कार. शुक्रवारी पहाटे आम्ही नाशिकहून साल्हेरला निघत आहोत आणि त्यासाठी सैन्यातल्यासारखी तयार जेवणाची पाकिटे मागवली आहेत. ती गरमच होत नाहीत. विस्तवाशिवाय तापणारी जी हीटरची पिशवी असते, तिच्यात पाणी घातले, राजम्याचे पाकीट आत सरकवले आणि दहा मिनिटे थांबलो. पहिली दोन मिनिटे पिशवी हाताला तापल्यासारखी वाटली, मग थंड पडली आणि राजमा कोमटसुद्धा झाला नाही. विक्रेता उत्तर देत नाही. हाती दोनच दिवस आहेत, तेव्हा कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी नेमका उपाय सांगावा.

रानवाट, रात्री ९:३२

उपाय सांगण्यासाठी माहिती पुरेशी नाही. पाणी किती घातले? पाकीट किती ग्रॅमचे आहे? पिशवी आडवी ठेवली होती की उभी? चाचणी घरात केली की बाहेर? आणि किती जण किती दिवसांसाठी जात आहात? यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

देवळालीकर, रात्री ९:४१

मी तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. या रासायनिक पिशव्यांच्या नादी लागू नका, असे मी स्पष्ट सांगेन. आमच्या पिट्टूमध्ये, म्हणजे पाठीवरच्या पिशवीत, घडीचा छोटा पत्र्याचा हेक्झामीन कुकर आणि हेक्झामीन या घन इंधनाच्या पांढऱ्या वड्या असत. दोन वड्या पेटवल्या की एनामलच्या मगात चहा होई आणि त्याच पाण्यात पाकीट बुडवून भाजीही गरम होई. वाऱ्यापुढे दगडांचा आडोसा केला की झाले. इतकी भरवशाची वस्तू मी दुसरी पाहिली नाही.

रानवाट, रात्री ९:५५

देवळालीकर काका, आपल्या अनुभवाविषयी आदर आहे, परंतु हेक्झामीनची वडी जळताना निघणारा धूर विषारी असतो आणि साल्हेरवर मुक्काम बहुतेक जण गुहेतच करतात. बंद जागेत ती पेटवणे धोक्याचे आहे. शिवाय भांड्याला जी चिकट काजळी धरते, ती किल्ल्यावरच्या मोजक्या पाण्यात निघत नाही. त्यापेक्षा गॅसचा लहान बर्नर नेणे केव्हाही चांगले.

देवळालीकर, रात्री १०:०२

गुहेत पेटवा असे मी म्हटलेले नाही. उघड्यावर, आडोशाला, असे म्हटले आहे. आणि गॅसचा डबा रात्रीच्या थंडीत किती मंद जळतो, हेही मी पाहिलेले आहे.

अन्नतंत्र, रात्री १०:२०

मूळ प्रश्न हीटरचा आहे, म्हणून त्याविषयी लिहितो. मी पाकीटबंद अन्नाच्या प्रक्रियेत काम करतो. या पिशवीत मॅग्नेशियमची भुकटी असते आणि तिच्यात थोडे लोह व मीठ मिसळलेले असते. पाणी लागताच मॅग्नेशियमचे हायड्रॉक्साइड होते, उष्णता निघते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो. हायड्रोजन पेट घेतो, म्हणून ही पिशवी तंबूत, गुहेत किंवा पेटत्या चुलीजवळ वापरू नये. एकदा हवेतली ओल लागली की ही भुकटी पिशवीतल्या पिशवीतच हळूहळू संपते, मग आपण कितीही पाणी घातले तरी ती थोडा वेळ तापून शांत होते. आपण वर्णन केले आहे ते अगदी असेच आहे. हीटरचे बाहेरचे वेष्टन आधी कधी उघडले होते का?

सुगरण, रात्री १०:३४

मला तर कळत नाही की तीन दिवसांसाठी हा एवढा खटाटोप कशाला करायचा. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या तीन दिवस सहज टिकतात, सोबत तिळाची किंवा जवसाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू न्यावेत, त्यांना गरम करावे लागत नाही. रात्रीसाठी भगर न्यावी, ती पंधरा मिनिटांत शिजते आणि पचायला हलकी असते. आमच्या घरची मंडळी ब्रह्मगिरीच्या फेरीला आजवर असेच जेवण नेत आली आहेत.

गोदाकाठ (धागाकर्ता), रात्री १०:५०

सर्वांचे आभार. रानवाट, उत्तरे अशी: पाणी अर्धा ग्लास घातले, पाकीट ३०० ग्रॅमचे, पिशवी उभी धरली होती, चाचणी गच्चीवर केली. सहा जण आहोत, शुक्रवार ते रविवार, आणि एकूण साठ पाकिटे आहेत. अन्नतंत्र, हो, हीटरचा गठ्ठा जुलैमध्ये आला तेव्हा मुलांना दाखवण्यासाठी मी एक वेष्टन फोडले होते आणि नंतर कपड्यांचा चिमटा लावून ठेवले होते. आज तेच वापरले. पण ते कोरडेच दिसत होते.

अन्नतंत्र, रात्री ११:०५

मग कारण सापडले असे समजा. नाशिकचा जुलै ते सप्टेंबर त्या भुकटीने चिमट्याखाली काढला, तिच्यात आता काही उरलेले नाही. ती दिसायला कोरडीच राहते. दुसरी चूक पाण्याची. या हीटरला जेमतेम दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण तीस मिलिलिटर पाणी लागते. पिशवीवर रेघ आखलेली असते, तिच्यापर्यंतच भरावे. अर्ध्या ग्लासात निर्माण होणारी सगळी उष्णता पाणी तापवण्यातच जाते. तिसरी गोष्ट अशी की अमेरिकी सैन्यासाठी हे हीटर तयार झाले तेव्हा त्यांच्यापुढे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपासचे चपटे पाकीट होते. आपले ३०० ग्रॅमचे आहे आणि राजम्यासारखा दाट पदार्थ मधोमध उशिरा तापतो. न उघडलेला हीटर घ्या, पाकीट त्याला चिकटून सपाट बसवा, पिशवी खोक्यात घालून एक टोक दगडावर किंचित उंच ठेवा आणि सहा मिनिटांनी बाहेरूनच पाकीट चेपून, उलटून पुन्हा सहा मिनिटे ठेवा.

सह्यवेडा, रात्री ११:१८

एक मुद्दा सर्वांनीच सोडला आहे. साल्हेर १५६७ मीटर उंच आहे, कळसूबाईनंतर महाराष्ट्रात त्याचाच क्रमांक लागतो. इतक्या उंचीवर पाणी शंभर अंशांच्या आतच उकळते, त्यामुळे पाकिटे तिथे नीट गरम होणार नाहीत. प्रेशर कुकर न्यावा लागेल.

अन्नतंत्र, रात्री ११:२७

त्या उंचीवर पाणी सुमारे ९५ अंशांना उकळते, हे बरोबर आहे. परंतु पाकिटातले अन्न कच्चे नसते. ते कारखान्यात सुमारे १२१ अंशांवर, दाबाखाली, पाकीटबंद अवस्थेतच शिजवून निर्जंतुक केलेले असते. आपल्याला ते फक्त साठ-पासष्ट अंशांपर्यंत आणायचे असते, त्यासाठी ९५ अंशांचे पाणी भरपूर झाले. कच्ची डाळ शिजवायची असेल तर आपला मुद्दा लागू होतो, आणि सियाचिनसारख्या ठिकाणी तर तो फार गंभीर होतो. साल्हेरवर खरा फरक पडेल तो सुरुवातीच्या तापमानाचा. डिसेंबरच्या पहाटे दहा अंशांवर असलेले पाकीट आणि दुपारी गच्चीवर अठ्ठावीस अंशांवर असलेले पाकीट एकाच हीटरने सारखे तापणार नाही. रात्री पाकिटे झोपण्याच्या पिशवीत अंगाजवळ ठेवली तर सकाळचे काम सोपे होते.

रानवाट, बुधवार, सकाळी ७:०५

मला वेगळीच चिंता वाटते. साठ पाकिटे गुणिले ३०० ग्रॅम म्हणजे अठरा किलो, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक वजन पाण्याचे असते. ते आपण साल्हेरवाडीतून वर वाहून नेणार, जेव्हा वर टाक्यांत आणि गंगासागर तलावात पाणी आहेच. सैनिकाला ही पाकिटे अशा जागी देतात, जिथे थांबून चूल पेटवणे शक्य नसते किंवा धूर दिसणे परवडत नाही. आपल्यापुढे तशी अडचण नाही. दोन रात्रींच्या जेवणापुरती चोवीस पाकिटे न्या, म्हणजे सव्वासात किलो होतील. बाकी वेळी पोहे, भगर, दशम्या. सुगरणताईंचे म्हणणे मला पटते. आणि रिकामी पाकिटे जाळू नयेत. त्यांत प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, तो जळत नाही, कातळावर तसाच चमकत राहतो. सगळी परत खाली आणावीत, ही कळकळीची विनंती आहे.

गोदाकाठ (धागाकर्ता), सकाळी ८:१५

वजनाचा हिशेब मी केलाच नव्हता, तो पटला. चोवीसच नेतो. दोन पाकिटे थोडी फुगलेली दिसत आहेत, ती आधी संपवावीत का?

देवळालीकर, सकाळी ८:२२

चांगले दहा मिनिटे उकळा आणि खा, काही होत नाही. आम्ही याहून जुने डबे खाल्ले आहेत.

अन्नतंत्र, सकाळी ८:३०

कृपया खाऊ नका, चाखूनही पाहू नका. काका, इथे मी आपल्याशी ठामपणे असहमत आहे. ही पाकिटे हवा काढून बंद केलेली असतात. नाशिकमध्ये, घरात ठेवलेले पाकीट फुगले याचा अर्थ आत जंतू वाढून वायू तयार झाला आहे, म्हणजे कुठेतरी शिवण सुटली आहे किंवा प्रक्रिया अपुरी झाली आहे. उकळल्याने काही विषे नष्ट होतात, पण काही जंतूंची विषे उकळूनही टिकतात, आणि बाहेरून कोणते आहे हे ओळखता येत नाही. किल्ल्यावरून आजारी माणूस खाली आणायला किती तास लागतात, याचा विचार करा. उरलेल्या प्रत्येक पाकिटाच्या चारही शिवणींवरून बोट फिरवून पाहा आणि घडीच्या जागी छिद्र नाही ना, ते तपासा.

देवळालीकर, सकाळी ८:४४

मान्य आहे. आमच्या वेळी डॉक्टर तुकडीसोबत असायचा, तशी सोय इथे नाही, हे मी ध्यानात घेतले नाही. फुगलेली टाकून द्या.

सह्यवेडा, सकाळी ९:१०

या निमित्ताने सांगतो की आपल्याकडे हे तंत्र रुजवण्यात म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. ती १९६१ साली सुरू झाली. कित्येक महिने टिकणारी पोळी, झटपट हलव्याचे मिश्रण, पाकिटातला पुलाव यांवर तिथे काम झाले आणि पुढे ते तंत्र खासगी उद्योगांनाही दिले गेले. त्याच्याही आधी, नेपोलियनच्या काळात, सैन्यासाठी अन्न टिकवण्याची रीत शोधल्याबद्दल निकोला ॲपेर याला १२,००० फ्रँकचे बक्षीस मिळाले होते. त्याने काचेच्या बाटल्या बंद करून उकळत्या पाण्यात ठेवल्या होत्या. तत्त्व तेच आहे.

रानवाट, सकाळी ९:२५

माहिती चांगली आहे, पण धागाकर्त्यांना परवा निघायचे आहे. गटात कोणी वयस्कर किंवा औषधे चालू असलेले आहे का?

गोदाकाठ (धागाकर्ता), दुपारी १:४०

हो, वडील आहेत. वय एकाहत्तर, रक्तदाबाची गोळी चालू आहे. चालण्यात ते आमच्यापेक्षा पक्के आहेत आणि डॉक्टरांनी चढाईला परवानगी दिली आहे. खरे तर ही पाकिटे मी त्यांच्यासाठीच मागवली. ते फौजेत होते आणि मैदानावर खाल्लेल्या रेशनच्या आठवणी नेहमी सांगतात. त्यांना पुन्हा तसे उघड्यावर बसून, पाकीट फोडून जेवता यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

अन्नतंत्र, दुपारी २:०५

हे पहिल्याच दिवशी लिहायला हवे होते. अशा पाकिटांत मीठ बरेच असते. दिवसभर घाम गाळणाऱ्या तरुण जवानाला ते चालते, रक्तदाब असलेल्या माणसाला नाही. पाकिटावर सोडियमचा आकडा पाहा आणि त्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती ते कळेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे.

गोदाकाठ (धागाकर्ता), रात्री ८:५०

राजम्यावर दर १०० ग्रॅमला ४२० मिलिग्रॅम लिहिले आहे. म्हणजे एका पाकिटात १२६० मिलिग्रॅम सोडियम, सव्वातीन ग्रॅमच्या आसपास मीठ. दोन पाकिटे एका वेळी त्यांना देणे शक्य नाही, हे आता दिसते आहे. डॉक्टरांना दूरध्वनी केला. रात्री एकच पाकीट, तेही बिनमिठाच्या भगरीत कालवून आणि कोणा एकासोबत वाटून, आणि दिवसभर बाकी मीठ बेताचे, असे ठरले. लोणचे आणि चिवडा त्यांच्या पिशवीतून काढला.

दुसरी चाचणीही केली. न उघडलेला हीटर, रेघेपर्यंत पाणी, पाकीट सपाट, टोक विटेवर. बारा मिनिटांत पुलाव चटका बसेल इतका गरम झाला. राजमा मध्ये थोडा कोमट राहिला, तो आणखी चार मिनिटांनी ठीक झाला. वडील शेजारी उभे राहून पाहत होते. त्यांनी विचारले की यात शक्करपारे का नाहीत.

देवळालीकर, रात्री ९:०३

आपले वडील फौजेतले आहेत हे वाचून बरे वाटले. कोणत्या रेजिमेंटमध्ये होते, ते व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) जरूर कळवा. शक्करपारे आमच्या घरी कालच तळले आहेत, बिनमिठाचे. उद्या संध्याकाळी देवळाली कॅम्पात येणे जमेल का? एक डबा बांधून ठेवतो.

सुगरण, रात्री ९:१५

त्यांना मधुमेह नाही ना?

गोदाकाठ (धागाकर्ता), रात्री ९:२०

मधुमेह नाही, ताई, गेल्याच महिन्यात तपासणी झाली आहे. काका, उद्या सहापर्यंत पोहोचतो. वडीलही येत आहेत.