चार्जिंगला रात्रभर लावून फक्त ४७ टक्के चढतंय, दुकानदार सीसी बोर्ड (चार्जिंगच्या भोकाची आतली पट्टी) आणि बॅटरी दोन्ही बदला म्हणतोय

गिरणी_कराड:
नमस्कार मंडळी, अण्णांच्या फोनचं चार्जिंग गेले तीन आठवडे नीट होत नाहीये, आधी वाटलं केबल गेली म्हणून एसटी स्टँडवरून १५० ची नवी आणली तर दोन दिवस बरं चाललं आणि परत तेच. अँड्रॉइड आहे, घेऊन चार वर्षं होतील, ५००० एमएएचची बॅटरी, टाइप सी पिन, बॉक्समधला ३३ वॉटचा चार्जर अजून तोच. काल रात्री दहाला ११ टक्क्यांवर लावला, सकाळी सहाला बघतोय तर ५८. पिन वरच्या अंगाला दाबून धरली की चार्जिंगचं चिन्ह येतं, हात सोडला की जातं, म्हणून अण्णा केबलखाली काडेपेटी ठेवून टेकू देतात आणि कोणी दार आपटलं तरी चार्जिंग तुटतं. बाजारपेठेतल्या एका दुकानात दाखवला, त्यांनी फोन न उघडताच सीसी बोर्ड आणि बॅटरी दोन्ही जाणार, २४०० होतील म्हणून सांगितलं. आमची पिठाची गिरणी आहे, गिऱ्हाईक हल्ली स्कॅन करूनच पैसे देतं, फोन बंद पडला की पैसे आले का नाही कळत नाही आणि ओळखीच्या माणसाला थांबवून धरायचं अण्णांच्या जिवावर येतं. २४०० घालू का नवीनच बघू? आणि मोटर सुरू झाली की घरातले बल्ब डिम होतात, त्याचा काही संबंध असेल का?

वाडीवरचा_गडी:
मोटरचाच प्रताप असणार भावा. आमच्या वस्तीवर मागच्या पावसाळ्यात एका रात्रीत सहा घरातले चार्जर उडाले, टीव्ही पण गेला एकाचा. आधी स्टॅबिलायझर बसवा मग फोनचं बघा.

रिपेअर_टेबल:
मी १२ वर्षं मोबाइल रिपेअरिंग करतोय, २४०० आत्ता घालू नका एवढं आधी सांगतो. वाडीवरच्या दादांकडं जे झालं ते न्यूट्रल, म्हणजे वीज परत जायची तार, तुटल्याचं लक्षण आहे, थ्री फेज लाइनचा न्यूट्रल गेला की एखाद्या घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत जातं आणि मग काहीच वाचत नाही. पण बल्ब डिम होणं वेगळं, त्यात मोटर सुरू होताना व्होल्टेज उलट खाली येतं. चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे १७०-१८० ला पण तो काम करतो. चार्जर जळला असता तर पिन दाबल्यावर सुद्धा चिन्ह आलं नसतं.

आता तुमच्याच आकड्यांचा हिशोब बघा. ५००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॉट-अवर. त्यातले ४७ टक्के म्हणजे ९, ते चढायला ८ तास, म्हणजे सरासरी एक वॉटच्या जरा वर. साध्यातला साधा ५ व्होल्ट २ अँपियरचा चार्जर १० वॉट देतो. ह्याचा अर्थ रात्रभर चार्जिंग होतच नव्हतं, तुटत जुळत होतं. बॅटरी जुनी झाली की लवकर उतरते, पण पिन कुठल्या अंगाला दाबली ह्यावर ती चालू-बंद होत नाही. दोष पिनेत आहे किंवा पिनेच्या भोकात.

आणि गिरणी म्हणालात म्हणून विचारतो, अण्णा फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवतात का, चार्जिंगचं तोंड खाली करून? केबल आत लावून बघा, धातूचा भाग पूर्ण आत जातो का एक मिलीमीटर बाहेर राहतो? राहत असेल तर आत मळ दाबला गेलाय. नवीन केबलने दोन दिवस बरं चाललं ते पण ह्यानेच, नवीन पिन घट्ट असते, ती मळ अजून आत ढकलते आणि मग परत सैल.

फोन पूर्ण बंद करा. टॉर्च मारून आत बघा, मधे एक पातळ जीभ दिसेल, तिच्या दोन्ही बाजूला मिळून २४ पॉइंट असतात, तिला धक्का लावायचा नाही. लाकडी टूथपिक चपटी तासून घ्या आणि जिभेच्या वरच्या-खालच्या फटीतून, भिंतीच्या कडेने हळूहळू तळाचा मळ बाहेर ओढा. सुई नको, सेफ्टी पिन नको, तोंडाने फुंकर पण नको, थुंकीची ओल जाते. पंक्चरवाल्याकडची हवा तर अजिबात मारू नका, शेजारीच माइकचं भोक असतं, त्याची जाळी फाटते. सॅनिटायझर पण ओतू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं.

नंतर केबल एकदा सुलटी, एकदा उलटी लावून बघा. एका बाजूने चार्ज होतोय आणि दुसऱ्या बाजूने नाही असं असेल तर मात्र आतला पॉइंट गेलाय आणि बोर्ड बदलावाच लागेल.

देवगडची_मनू:
गिरणी दादा, त्याआधी फोन सपाट टेबलावर पाठ खाली करून ठेवा आणि कोपऱ्यावर बोट टेकवा. डुगडुगला किंवा स्क्रीनच्या कडेला फट दिसली तर बॅटरी फुगलीय, मग चार्जिंगला अजिबात लावू नका, कव्हर दाबून बसवू नका, टोचू तर नकाच. आमच्या आईचा फोन असाच उशाखाली चार्ज व्हायचा, कव्हर घट्ट होतं म्हणून आम्हाला दिसलंच नाही, काढलं तेव्हा मागची बाजू पुरीसारखी टम्म. अजून अंगावर काटा येतो. कव्हर काढूनच बघा प्लीज.

गिरणी_कराड:
मनूताई, कव्हर काढून बघितलं, फोन सपाट आहे, डुगडुगत नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून, नाहीतर डोक्यातच आलं नसतं.

दादा तुम्ही म्हणालात तसंच, खिशातच आणि तोंड खालीच. केबल आत जात नव्हती, नखाएवढी कड बाहेर दिसायची. पहिल्यांदा पांढरी भुकटी आली, वाटलं झालं, पण खाली टूथपिक टेकली की टक टक लागत होतं. पावसात भिजून आलेल्या सदऱ्यात फोन होता दोन-तीनदा, त्या ओलीने पिठाची खपली धरली होती, कणीक वाळते तशी. पाऊण तास लागला. शेवटी गव्हाच्या दाण्याच्या अर्ध्याएवढा करड्या रंगाचा चपटा तुकडा आला, कापसाच्या धाग्यासकट. अण्णा तो हातात घेऊन बघत बसले. आता केबल खट्‌ आवाज करून बसते, काडेपेटी लागत नाही, सुलटी उलटी दोन्ही चालते. पण १५ वरून १०० व्हायला तीन तास लागले, पूर्वी तासाभरात व्हायचा, आणि स्क्रीनवर फास्ट चार्जिंग पण येत नाही.

रिपेअर_टेबल:
दोन्ही बाजूने चालतेय म्हणजे बोर्ड वाचला, फार बरं वाटलं. आता संशय त्या १५० च्या केबलवर. ३३ वॉटवाले चार्जर आणि फोन आधी आपापसात ओळख पटवतात, ती केबलमधल्या तारांवरूनच पटते, तार बारीक असेल किंवा नको तशी जोडलेली असेल तर फोन सुरक्षित म्हणून साध्या १० वॉटवर येतो. तुमचे तीन तास बरोबर त्यातच बसतात. बॉक्समधली जुनी केबल आहे का, ती लावून बघा. नसेल तर कंपनीचीच घ्या, त्यात कंजुषी नको.

बॅटरीचं म्हणाल तर चार वर्षांत अशा बॅटरीच्या चार्ज व्हायच्या-उतरायच्या हजारभर फेऱ्या झाल्या असतील, कस कमी झालेलाच असणार. सकाळी १०० करून गिरणी बंद होईपर्यंत टिकते का बघा. २५-३० टक्क्यांवर अचानक बंद पडायला लागला तरच बॅटरी बदला, आणि फक्त बॅटरीचे पैसे द्या.

गिरणी_कराड:
जुनी केबल माळ्यावर बॉक्समध्येच होती. फास्ट चार्जिंग आलं, २० वरून ९० पन्नास मिनिटांत! आज संध्याकाळी सातला गिरणी बंद केली तेव्हा ३४ टक्के होतं. बॅटरी तूर्त राहू देतो. बहिणीने फोनला झाकणाचं कव्हर मागवलंय, पिनेच्या भोकावर रबराची बुची असलेलं, आणि तोपर्यंत अण्णा फोन गल्ल्यावरच्या कप्प्यात ठेवतायत.