डॉटनेट 8 वर गेल्यावर ‘रनअ‍ॅज’ चालेना. स्टँडर्ड लॉगिनवरून स्पूलर कसा साफ करायचा?

बाळीवेस_डेव्ह:
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात पॅकिंगचं सॉफ्टवेअर आहे, सी शार्प विनफॉर्म्समधलं. गाठीच्या लेबलचा जॉब अडकला की प्रिंट स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) थांबवायचा, सिस्टम32 खालच्या स्पूल\प्रिंटर्स फोल्डरमधल्या फायली उडवायच्या आणि स्पूलर परत चालू करायचा, एवढ्यासाठी वेगळी छोटी ईएक्सई आहे. मुख्य प्रोग्रॅम ती प्रोसेस.स्टार्टने, वर्ब ‘रनअ‍ॅज’ (म्हणजे अ‍ॅडमिन हक्कांनी चालव) देऊन उघडतो.

जुन्या डॉटनेट फ्रेमवर्क 4.8 वर यूएसीची (अ‍ॅडमिन हक्क द्यायचे का, हे विचारणाऱ्या विंडोजच्या सोयीची) खिडकी यायची. डॉटनेट 8 वर खिडकीच येत नाही. ईएक्सई चालते आणि अ‍ॅक्सेस डिनाइड. पॅकिंगच्या टेबलांवर स्टँडर्ड लॉगिन आहेत. कोडमधून अ‍ॅडमिनचं नाव-पासवर्ड दिलं तरी तेच. शिवाय लॉग झेड ड्राइव्हवर (नेटवर्कवरच्या मॅप केलेल्या ड्राइव्हवर) लिहायचाय, पण ईएक्सईला ती ड्राइव्ह सापडतच नाही.

यंत्रमाग_कोड:
पहिलं दुखणं सोपं आहे. प्रोसेस.स्टार्टचं यूजशेलएक्झिक्यूट हे सेटिंग फ्रेमवर्कमध्ये आपोआप ट्रू असायचं, डॉटनेट कोअरपासून पुढं ते फॉल्स आहे. फॉल्स असलं की वर्ब गुपचूप सोडून दिला जातो, एररही येत नाही. ट्रू करा, खिडकी येईल. ईएक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये (तिला कोणते हक्क लागतात ते सांगणाऱ्या नोंदीत) रिक्वायरअ‍ॅडमिनिस्ट्रेटर असतं, तर एरर 740 (अ‍ॅडमिन हक्क लागतात) तरी दिसला असता. म्हणून तेही घालून ठेवा. मुख्य प्रोग्रॅमला मात्र अ‍ॅजइन्व्होकरच (चालवणाऱ्याच्याच हक्कांनी) राहू द्या. अख्खा प्रोग्रॅम अ‍ॅडमिनने चालवला तर एक्सप्लोररमधून फाईल ओढून त्यात टाकता येत नाही आणि मग लोक तुम्हालाच फोन करतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वापरणाऱ्यानं ‘नाही’ दाबलं की विन32एक्सेप्शन येतं, कोड 1223. तो वेगळा पकडा, बिघाड म्हणून दाखवू नका. आणि यूजशेलएक्झिक्यूट ट्रू असताना आउटपुट रीडायरेक्ट करता येत नाही. निकाल एक्झिट कोडवरून किंवा फाईलमधून घ्या.

सातरस्ता_नेटवर्क:
पासवर्डचा मार्ग सोडाच. नाव-पासवर्ड दिलं की यूजशेलएक्झिक्यूट फॉल्सच लागतं, म्हणजे ‘रनअ‍ॅज’ गेला. त्या नावानं प्रोसेस उठते खरी, पण यूएसी चालू असताना तिला अ‍ॅडमिनचं छाटलेलं टोकन (कमी केलेल्या हक्कांचा संच) मिळतं. म्हणून अ‍ॅक्सेस डिनाइड. वर पासवर्ड ईएक्सईत पडून राहिला, तो काढायला डीकंपायलर पुरतो.

स्टँडर्ड लॉगिनवर यूएसी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतं. तो दिला तर प्रोग्रॅम त्या अ‍ॅडमिनच्या नावानं चालतो: करंट यूजर रजिस्ट्री, अ‍ॅपडेटा, सगळं त्याचं. झेड ड्राइव्हही त्यामुळंच गायब, कारण मॅप केलेली ड्राइव्ह लॉगिन सेशनला बांधलेली असते. एनेबललिंक्डकनेक्शन्स ही रजिस्ट्री व्हॅल्यू 1 करायचा सल्ला बरेच जण देतील. ती एकाच माणसाच्या दोन टोकनांपुरती आहे, इथं उपयोग नाही.

अक्कलकोटरोड_आयटी:
पॅकिंगवाल्याला दर वेळी पासवर्ड विचारणं म्हणजे तो पासवर्ड मॉनिटरवर चिकटवणंच आहे. इथं टास्क शेड्युलर (नोंदवलेली कामं चालवणारी विंडोजची सोय) बरा. इन्स्टॉलरने एकदाच, अ‍ॅडमिन हक्कांनी, सिस्टम खात्याखाली (विंडोजच्या स्वतःच्या, पूर्ण हक्कांच्या खात्याखाली) टास्क नोंदवायचा, ट्रिगर न देता. मग मुख्य प्रोग्रॅम फक्त ‘एसस्कटास्क्स (schtasks) /रन /टीएन’ आणि टास्कचं नाव एवढंच म्हणतो. खिडकी नाही, पासवर्ड नाही.

हमखास अडतं ते इथं: अ‍ॅडमिनने केलेला टास्क स्टँडर्ड वापरकर्त्याला चालवता येत नाही. टास्कच्या सिक्युरिटी डिस्क्रिप्टरमध्ये (कुणाला काय हक्क, या यादीत) स्टँडर्ड वापरकर्त्यांच्या ग्रुपला रीड आणि एक्झिक्यूट द्या, राइट अजिबात नको. ईएक्सई प्रोग्रॅम फाईल्समध्येच ठेवा. डी ड्राइव्हवरच्या उघड्या फोल्डरात ठेवली, तर कुणीही ती बदलून आपली ईएक्सई सिस्टमच्या हक्कांनी चालवेल.

लॉग प्रोग्रॅमडेटात ठेवा. त्यासाठी इन्स्टॉलरने सबफोल्डर करावा आणि यूजर्सना फक्त वाचायचा हक्क द्यावा. सिस्टम खातं नेटवर्कवर कॉम्प्युटरच्या नावानं जातं. वर्कग्रुपमध्ये (डोमेन नसलेल्या नेटवर्कमध्ये) त्याला सर्व्हर दारात उभं करत नाही. झेडवर कॉपी मुख्य प्रोग्रॅमनेच करावी.

आणि स्पूलरला थांब म्हटल्या म्हटल्या फायली उडवू नका. वेटफॉरस्टेटसने ‘स्टॉप्ड’ची वाट पाहा, 30 सेकंद मुदत ठेवा, नाहीतर ‘फाईल वापरात आहे’ येतं.

बाळीवेस_डेव्ह:
टास्कला आर्ग्युमेंट देता येईल का? प्रिंटरचं नाव द्यायचं होतं.

अक्कलकोटरोड_आयटी:
एसस्कटास्क्सच्या रनमधून नाही. टास्क शेड्युलरच्या कॉम इंटरफेसमधल्या रनला देता येतं, पण इथं देऊ नका. स्टँडर्ड वापरकर्त्याकडून आलेला मजकूर सिस्टमच्या प्रोसेसमध्ये जितका कमी जाईल तितका बरा. तसंही स्पूलर सगळ्या प्रिंटरना मिळून एकच असतो. फक्त त्या वेळी ऑफिसच्या प्रिंटरची बिलं रांगेत असतील तर तीही उडतील, तेव्हा बटण दाबल्यावर आधी विचारून घ्या.