अजब बंगल्याले रविवारी कोण कोण?

वहिनी: रविवारचं पक्कं सांगा बरं. पोरं मागे लागली आहेत. नागपूरची महाराजबाग आणि अजब बंगल्याचं संग्रहालय एकाच दिवशी होते का?

काकाजी: महाराजबागेत पोराईले मोकळं सोडा. अजब बंगल्यात काय, जुने दगड आन् पेंढा भरलेले जनावरं. अर्धा तास पुरते.

ताई: काकाजी, मी तर म्हणते आधी अजब बंगला, उन्हं उतरली की महाराजबाग. रविवारच बरा, सोमवारी संग्रहालय बंद असते. आणि अर्ध्या तासात नाही होत ते. मी शाळेच्या पोरांना घेऊन गेली होती, तेव्हा पहिल्या दोन दालनांतच जेवायची वेळ झाली.

काकाजी: शहराचा इतिहास पाहून आपल्याले काय करायचं? आपण वावरातले मानसं.

ताई: शहर तरी कुठून आलं, काकाजी? देवगडच्या बख्त बुलंद शहानं अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बारा वाड्या जोडल्या, तेव्हा नागपूर झालं. ‘राजापूर बारसा’ म्हणायचे त्या वाड्यांना. पुढे भोसले आले. 1854 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं, 1861 मध्ये मध्य प्रांत केला आणि नागपूर त्याची राजधानी. अजब बंगला 1863 चा, म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांनी. म्हणून तर आता मध्य प्रदेशात असलेल्या गावांच्या वस्तूही तिथं सापडतात. माळव्याच्या परमार राजांचा 1104 सालचा मोठा शिलालेख तर ‘नागपूर प्रशस्ती’ म्हणूनच ओळखला जातो.

वहिनी: पोरांना काय दाखवायचं ते सांग. शिलालेखापाशी ते उभे नाही राहत.

ताई: गुंगेरियाची तांब्याची हत्यारं दाखवा. गुंगेरिया बालाघाट जिल्ह्यातलं खेडं. 1870 मध्ये गुरं राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून धातूचा तुकडा वर आलेला दिसला, त्यांनी तो ओढला. खोदलं तर खाली तांब्याची 424 हत्यारं आणि चांदीचे 102 पातळ पत्रे. अख्ख्या देशात तांब्याचा इतका मोठा साठा क्वचित सापडला असेल. काही नग लंडनला गेले, काही नागपुरात राहिले. जाड, सपाट कुऱ्हाडी आहेत, धार पसरट. पोरांना एवढंच सांगा की हे तुमच्याएवढ्या गुराख्यांनी शोधलं. मग पाहा, हलतात का तिथून.

मामी: खरंच की काय! आमच्या घरच्याईले तर हे माहीतच नाही.

ताई: मामी, तुमच्या माहेरच्या बाजूचं तर याहून मोठं आहे. टाकळघाटचे दगडांचे गोल. स्टीफन हिस्लॉप नावाचे पाद्री होते, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. या भागातले जीवाश्म त्यांनी गोळा केले, गोंडांची गाणी आणि कथा लिहून घेतल्या. 4 सप्टेंबर 1863 ला ते टाकळघाटचे गोल पाहून परत निघाले आणि बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात वाहून गेले. त्यांचं लिखाण 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापलं. ज्या वर्षी संग्रहालय सुरू झालं, त्याच वर्षी हा माणूस आपल्या नाल्यात गेला. मला हे वाचून फार लागलं होतं.

दादा: ताई, एक विचारतो. आपल्या बरडावरच्या वावरात तसाच गोल आहे न? मोठे दगड मांडल्यासारखे. जेसीबीवाला बुधवारी येऊन राहिला. म्हणते, ते दगड उचलून धुऱ्यावर टाकतो, मधला मुरूमही निघते.

ताई: दादा, त्याला आत्ता फोन कर. एक दगड हलवू देऊ नको.

दादा: मी तर समजलो गुराख्याईनं मांडले असतील.

ताई: नाही रे. ती थडगी आहेत, साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. नागपूरजवळ जुनापाणीला असे सुमारे 300 गोल आहेत. 1867 मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं पहिल्यांदा खोदलं, 1961 मध्ये पुरातत्त्व खात्यानं. मग माहूरझरी, नायकुंड, टाकळघाट. आत काळी-तांबडी मडकी निघाली, लोखंडी कुऱ्हाडी निघाल्या. कुऱ्हाडीला दांडा बसवायची रीत बघ: पातं सपाट, आणि त्याला आडवी लोखंडी पट्टी घट्ट आवळलेली, म्हणजे दांडा निसटत नाही. काही थडग्यांत मालकासोबत घोडाही पुरलेला, तोंडातल्या लगामाच्या लोखंडासकट. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टीच सापडली. हे सगळं आपल्या जमिनीतलं, दादा. मुरमाच्या एका खेपेत ते संपून जाते, आणि मग कोणी कितीही शिकलेलं आलं तरी परत मांडता येत नाही.

आबाजी: माह्या बाबानं तिथं कधी वखर घातला नाही. बैलं वळवून न्यायचा. का ते सांगितलं नाही. पन दगडाले हात लावू नका म्हने.

काकाजी: हे तर मलेही माहीत आहे. त्या तुकड्यात पेरणी कधी झालीच नाही.

दादा: सरकार वावर घेऊन टाकते का पण? हे भेव आहे.

ताई: गोल आहे असं कळवलं की वावर गेलं, असं नाही. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे. तिथली मंडळी कितीतरी वर्षांपासून या गोलांवर काम करतात. त्यांना फोटो पाठवून विचारू. आणि नाणी, भांडं असं काही किमती वर आलं तर घरात ठेवायचं नाही, 1878 चा कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. सापडवणाऱ्याच्या हक्काचंही त्याच कायद्यात लिहिलं आहे.

मामी: आमच्या गावचे लोक तर हे दगड पायव्यात घालते. मी भावाले सांगते आजच.

दादा: जेसीबीवाल्याले नाही म्हटलं. चिडला थोडा, पण बुधवारी तो तळ्याकडचं काम करून देईल. उद्या सकाळी टेप घेऊन जातो, गोल किती रुंद आहे ते मोजतो.

ताई: चारही बाजूंनी फोटो काढ, एकात तू उभा राहा म्हणजे दगडांची उंची कळेल. एखाद्या दगडावर वाटीएवढे खळगे दिसतात का तेही पाहा. जुनापाणीला आहेत तसे. पण माती उकरू नको.

काकाजी: रविवारी मीही येतो. ते कुऱ्हाड पाह्यची आहे मले.

ताई: या न, काकाजी. तांब्याच्या कुऱ्हाडी तिथं दाखवते. पट्टी आवळलेल्या लोखंडी कुऱ्हाडी कुठं पाहता येतील ते विद्यापीठात विचारून ठेवते. प्रत्येक वस्तूखालच्या पाटीवर गाव लिहिलेलं असते, ते आधी वाचायचं, मग वस्तू. पोरांना वही द्या, ओळखीची गावं उतरवतील.

वहिनी: मग सात वाजता निघू. पोळ्या आणि झुणका मी करते. मामी, तुमच्याकडचं लोणचं आणा. आबाजींना पुढं बसवायचं, गाडीत किती जण होतात ते दादा सांगतील.