७२ तास भरले म्हणून चांगली चाललेली इंट्राकॅथ काढावी का?

प्रश्न
मी मेडिसिन वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे ७२ तास झाले की इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवलेली प्लॅस्टिकची बारीक नळी, बदलण्याचा नियम आहे. काल एका ७८ वर्षांच्या आजींची निळी, म्हणजे २२ गेज जाडीची, इंट्राकॅथ मी नियमाप्रमाणे काढली. जागेवर लाली नव्हती, सूज नव्हती, सलाइनही सुरळीत जात होते. त्यानंतर दुसऱ्या हाताला शीर मिळेपर्यंत त्यांना तीनदा टोचावे लागले आणि दर वेळी त्या डोळे मिटून "टोच गं बाई" एवढेच म्हणत होत्या. हे खरोखर आवश्यक होते का?

उत्तर १
सिस्टर, तुमची शंका रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमधल्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ठरावीक दिवशी इंट्राकॅथ बदललेल्या आणि गरज पडल्यावरच बदललेल्या, अशा दोन्ही गटांत शिरेला सूज येण्याचे प्रमाण सारखेच, ७ टक्के आढळले. मात्र गरजेनुसार बदलायची तर प्रत्येक ड्यूटीला जागा पाहिलीच पाहिजे. दुखणे, लाली आणि सूज यांपैकी दोन लक्षणे दिसली, तर तास न मोजता ती काढावी. धावपळीत, नीट निर्जंतुकीकरण न करता लावलेली इंट्राकॅथ ४८ तासांच्या आत बदलावी. तुमच्या वॉर्डाचा नियम मात्र परस्पर मोडू नका. इन्चार्ज सिस्टरांमार्फत संसर्ग नियंत्रण समितीपुढे हा प्रश्न मांडा.

उत्तर २
मी वयस्कर रुग्णांबद्दल सांगते. त्यांची त्वचा कागदासारखी पातळ असते आणि शीर सुईपुढून सरकते, म्हणून अंगठ्याने त्वचा खाली ताणून धरावी, टुर्निके (शीर फुगवण्यासाठी हाताला बांधायचा पट्टा) गाउनच्या बाहीवरून सैलसर बांधावा आणि सुई अगदी आडवी ठेवावी. रक्त दिसताच सुई आणखी किंचित पुढे नेऊन मग फक्त प्लॅस्टिकची नळी आत सरकवावी. बाहेर काढलेली सुई नळीत पुन्हा कधीही घालू नये, कारण नळीचे टोक कापले जाऊन शिरेत राहू शकते. दोन प्रयत्न फसले तर अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलवावे. त्यात कमीपणा नाही, आणि तिसरी सुई सोसायची असते ती रुग्णाला.

प्रश्नकर्ती
दोघींचे मनापासून आभार. काढलेल्या नळीचे टोक मी आजवर कधीच तपासले नव्हते. काढताना आणखी काय पाहावे?

उत्तर २
नळी पूर्ण बाहेर आल्यावरच कोरड्या गॉझने दाबावे आणि दोन-तीन मिनिटे दाब सोडू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर अधिक वेळ दाबावे. कोपर दुमडायला सांगू नये, त्याने उलट काळेनिळे होते. टोक अखंड असल्याची नोंद, वेळेसह, नर्सिंग नोट्समध्ये करावी.