पिर्गी : गाव देखणं की तुरुंग देखणा?

फिरस्ती_ताई : ग्रीस म्हटलं की जो तो सँटोरिनीच्या निळ्या घुमटांपुढे फोटो काढायला पळतो. मी म्हणते ते सोडा आणि खिओस बेटावरच्या पिर्गीला जा. भिंत न् भिंत काळ्या-पांढऱ्या नक्षीनं भरलेली, त्रिकोण, चौकटी, वर्तुळं, बाल्कनीची खालची बाजूसुद्धा सोडलेली नाही आणि तिथंच छोट्या टोमॅटोंचे लालभडक घोस वाळत टांगलेले. दोन दिवस राहिले, निघवेना.

खवचट_खापर : ताई फोटो झकास, पण गावाची रचना बघितलीत का? कडेची घरं एकमेकांना चिकटून, बाहेरच्या अंगाला दारखिडकी नाही, म्हणजे घरांची पाठ हीच तटबंदी. १३४६ ते १५६६ इटलीतल्या जिनोआच्या व्यापाऱ्यांचं राज्य होतं आणि त्यांचा जीव अडकलेला मस्तकीत. चाचे आत येऊ नयेत हे खरंच, पण शेतकऱ्यानं माल परस्पर विकू नये हेही तितकंच खरं. चोरी केली तर जबर शिक्षा. शेतकऱ्यांचा आपला संघ व्हायला १९३८ उजाडलं. याला चार्म म्हणायचं?

नवखा_२२ : मस्तकी म्हणजे?

खवचट_खापर : झाडाचा डिंक रे. युनानी औषधांच्या दुकानात रुमी मस्तकी मागून बघ. उन्हाळ्यात खोडाला बारीक चिरा देतात, खाली पांढरी माती पसरतात, थेंब तिच्यावर पडून सुकतात. मग बायका हिवाळाभर दारात बसून एकेक खडा साफ करतात.

फिरस्ती_ताई : अहो पण त्याच मस्तकीनं गाव तारलं ना! १८२२ मध्ये तुर्कांनी बेटावर कत्तल केली तेव्हा मस्तकीची गावं बरीचशी वाचली.

खवचट_खापर : दुभती गाय कोण कापतं?

गवंड्याचा_पोर : दोघं भांडताय पण भिंतीबद्दल कुणी बोलेना. आधी काळ्या वाळूचा गिलावा, वरून चुन्याचा हात, आणि चुना ओला असतानाच जेवणाच्या काट्यानं खरवडायचं म्हणजे खालचा काळा रंग वर येतो. चुना सुकला की संपलं, हात चुकला तर तेवढी भिंत परत करा. माझ्या वडलांनी जन्मभर चुना कालवला म्हणून सांगतो, हे काम कैद्याकडून कुणी करून घेत नाही, हौसेनंच होतं.

खवचट_खापर : ती कलाही जिनोआहून आली असं बरेच जण म्हणतात.

गवंड्याचा_पोर : असेल. पण ते जाऊन साडेचारशे वर्षं झाली की, आणि हे अजून खरवडतायत.

फिरस्ती_ताई : 👏👏 तरी खापरभाऊंसाठी एक कबुली. माझ्या खोलीला खिडकी एकच होती, तीही बोळात उघडणारी, समोरची भिंत हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. रात्री दोनदा उठून गच्चीवर जाऊन बसले. पोस्टमध्ये ते लिहिलं नव्हतं.