मदत हवी आहे: एम-३५ ए-२ ट्रकला स्लेव्ह सॉकेट बसवलं, तरी सेल मंदच फिरतो

मंडळी, जुन्या गाड्यांचं वायरिंग हाताळलेलं कुणी असेल तर कृपया वाचा. तीन शनिवार यात गेले आहेत.

माझ्याकडे १९७१ चा एम-३५ ए-२ आहे, अमेरिकन लष्कराचा अडीच टनी ट्रक. मी मिशिगनमध्ये राहतो. काका सैन्यात जबलपूरचा शक्तिमान ट्रक चालवायचे, तेव्हापासून या गाड्यांचं वेड. इंजिन एलडीटी-४६५, ७.८ लिटरचं मल्टिफ्यूएल, म्हणजे एकापेक्षा जास्त इंधनांवर चालणारं. जानेवारीत बॅटऱ्या उतरल्या की संपलंच, रिकामा असला तरी जवळजवळ सहा टनांचं हे धूड ढकलायला कोण येणार? बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट. शेजाऱ्याच्या १२ व्होल्टच्या कारवरून जंप देता येत नाही.

म्हणून नेटोचं स्लेव्ह सॉकेट बसवलं, म्हणजे दुसऱ्या लष्करी ट्रकवरून केबलने जंप घ्यायचं सॉकेट. मधली जाड पिन प्लस, बाहेरचं कडं मायनस. प्लसची केबल (३५ चौरस मिमी, जेमतेम मीटरभर) थेट बॅटरीच्या जोडीच्या मोकळ्या (दुसऱ्या बॅटरीला न जोडलेल्या) प्लसवर नेली. मायनस मात्र सॉकेटच्या ब्रॅकेटवरून चेसीला दिलं. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "चेसी म्हणजेच मायनस, वेगळी केबल कशाला?"

मागच्या आठवड्यात मित्राचा ट्रक जोडून सेल मारला. इंजिन दोन फेऱ्या घेऊन अडलं. मल्टिमीटर लावून मित्राला पुन्हा बटण दाबायला सांगितलं. मधली पिन ते बॅटरीचा प्लस, ०.४ व्होल्ट. सॉकेटचं कडं ते चेसीवरचा घासून उघडा केलेला पत्रा, २.८ व्होल्ट! ब्रॅकेटच्या बोल्टला हात लावला तर चटका बसला, आणि त्याच्याभोवतीच्या हिरव्या रंगाला फोड आले होते.

मायनसही थेट बॅटरीवर न्यावं का? आणि प्लसच्या केबलला फ्यूज हवा का? ती केबल सतत जिवंत असते, याची मला खरंच धास्ती वाटते.

प्रतिसाद:

दोष तुम्हीच शोधलाय. सेल फिरताना ३०० अँपिअर जरी वाहत असतील, तरी २.८ व्होल्ट म्हणजे त्या एका सांध्यात ८४० वॅट जळतायत. रंगाखाली धातूला धातू टेकतच नाहीये, बोल्टच्या आट्यांवरून जेमतेम करंट जातोय. मायनसची केबल थेट जोडीच्या मोकळ्या मायनसवर न्या. दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीवर चुकूनही काही लावू नका, तिथे १२ व्होल्टच मिळतात आणि दोन बॅटऱ्या असमान होतात. बॅटरीपासून चेसीला जाणारी पट्टीही उघडा, खालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, मग वरून ग्रीस.

मित्राची जोडकेबल किती जाड आहे तेही बघा. सहा मीटर लांबीच्या ३५ च्या केबलमध्ये जाऊन-येऊन जवळजवळ १.९ व्होल्ट पडतात, ७० च्या केबलमध्ये एकच. ही चूक फार जण करतात.

फ्यूजबद्दल: लष्करी जोडणीत या वाटेवर फ्यूज नसतो, सेलच्या करंटला टिकेल असा फ्यूज तसाही भलामोठा लागतो. त्यापेक्षा केबल आखूड ठेवा, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं कडं) घाला, सायलेन्सरपासून लांब क्लॅम्प करा. सॉकेटचं झाकण कधी उघडं ठेवू नका. आत एखादा पाना टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंगच होईल.

आणि जोडल्याजोडल्या बटण दाबू नका. मित्राचं इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं तुमच्या बॅटऱ्यांना थोडं पिऊ द्या.

मूळ धागाकर्ता:

मनापासून आभार. पट्टीचं डोक्यातच आलं नव्हतं, ती बहुतेक १९७१ पासून कुणी उघडलेली नाही. जोडकेबल ३५ चीच निघाली. ७० ची मागवली आहे, शनिवारी ब्रॅकेट आणि पट्टी दोन्ही उघडतो आणि मीटरचे नवे आकडे इथेच टाकतो.