मदत हवी आहे : जळगाव-भुसावळकडे वृद्धांसाठी दिवसाची सोय

सासूबाई, वय 78, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). हात धरला की चालतात, पण दार उघडं दिसलं की बाहेर. चारनंतर अस्वस्थ होतात, ‘माले घर जानं शे’ सुरू होतं. त्या घरातच असल्या तरी. बोलणं अहिराणीतच.

इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ घरीच देतो. दुपारी 12.30 ला वरणात कुस्करलेली पोळी. जेवण चुकलं की साखर उतरते, म्हणून 70 च्या खाली गेल्यास साखरपाणी देऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासणारं माणूस हवं. डायपर दर तीन-चार तासांनी. नळी, जखम काही नाही.

वृद्धाश्रमांत विचारलं : कायमचं ठेवा म्हणतात, त्यातही डिमेन्शिया म्हटलं की नकार. घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोच्या बाया 12 तासांच्या, पण दर आठवड्याला नवी. नवा चेहरा दिसला की जेवणच बंद. 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवरही विचारून झालं. पुणे-नाशिक सुचवू नका, रोजची ने-आण शक्य नाही.

सोमवार ते शनिवार 10 ते 5 सांभाळणारं, दाराला कडी आणि उन्हाळ्यात कूलर असलेलं केंद्र कुणाला माहीत आहे का? नसेल तर 10-15 दिवसांपुरतं ठेवून घेणारं ठिकाण, आणि तिथे रात्री किती जणांमागे एक माणूस असतं?